ऑग्रबीज (दक्षिण आफ्रिका): वाळवंटातला धबधबा, तंबू आणि कॅरॅव्हॅन

मोहोर

जोहान्सबर्ग-प्रिटोरियाकडच्या मराठी घरांत सुट्टीचं बोलणं निघालं की क्रूगर येतं, केप टाउन येतं, ड्राकेन्सबर्ग येतं. ऑग्रबीजचं नाव क्वचितच कुणी काढतं. जे जातात तेही नामिबियाच्या किंवा खालागाडी राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवर तासभर थांबतात, कठड्याला टेकून फोटो काढतात आणि पुढच्या मुक्कामाला निघतात. या धाग्यात मला एकच गोष्ट सांगायची आहे. ही तासाभराची जागा नव्हे. इथे तंबू ठोका किंवा कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) लावा, दोन-तीन रात्री राहा आणि सकाळ-संध्याकाळ धबधब्याखालच्या घळीच्या काठावर जाऊन बसा.

आधी जागा कुठली ते. नॉर्दर्न केप प्रांतात, अपिंग्टन शहराच्या पश्चिमेला साधारण १२० किमीवर हे राष्ट्रीय उद्यान आहे. १९६६ साली ते घोषित झालं. वर्षाला जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडणारा हा मुलूख, आणि त्यातून ऑरेंज नदी वाहते. तिचा उगम लेसोथोच्या डोंगरांत, मुख अटलांटिकला, मधला प्रवास सुमारे २,२०० किमीचा. म्हणजे इथे दिसतं ते पाणी इथल्या पावसाचं नसतंच. शेकडो किलोमीटर पूर्वेला पडलेला पाऊस उघड्याबोडक्या खडकांतून वाहत येतो आणि एका ठिकाणी ५६ मीटर खाली कोसळतो. पुढे नदी १८ किमी लांबीच्या घळीत शिरते. ही घळ काही ठिकाणी २४० मीटर खोल आहे.

खडक नाइस जातीचा, सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचा. उन्हं कलली की त्याचा गुलाबी-तपकिरी रंग उठून येतो. दुपारी बाराला हाच खडक पांढुरका आणि रखरखीत दिसतो. म्हणून तर तासभर थांबणाऱ्यांना ही जागा कळत नाही: ते नेमके बाराला पोचतात.

मुख्य कॅम्प धबधब्यापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. तंबू आणि कॅरॅव्हॅनसाठी झाडांच्या सावलीत जागा, न्हाणीघरं, भांडी घासायची सोय, ब्राय करायला (निखाऱ्यांवर भाजायला) लोखंडी शेगड्या, पोहायचा तलाव, हॉटेल, छोटं दुकान असं सगळं आहे. दिवसाच्या पाहुण्यांच्या गाड्या संध्याकाळी परतल्या की काठावर फक्त मुक्कामाची माणसं उरतात. पाणी जोरात असेल तर त्याची घरघर रात्री तंबूत पडल्या पडल्या ऐकू येते.

आता सरड्यांबद्दल, कारण माझी मुलं धबधब्यापेक्षा जास्त वेळ त्यांच्यातच रमली. ऑग्रबीज चपटा सरडा, शास्त्रीय नाव प्लॅटिसॉरस ब्रॉडलेयी. हा याच भागात सापडतो. अंगाने इतका चपटा की खडकाच्या फटीत सहज सरकून जातो. नराचं डोकं निळं, पुढचे पाय पिवळे-नारिंगी. माद्या तपकिरी आणि पाठीवर फिकट पट्टे. नदीकाठी बारीक काळ्या माश्यांचे ढग उठतात, तिथे हे सरडे दबा धरून बसतात आणि अंग उडवून हवेतल्या हवेत माशी टिपतात. सकाळी नऊच्या सुमारास, खडक नुकता तापायला लागलेला असताना, कठड्यापाशी खाली बसून बघा. दोन नर समोरासमोर आले की मान उंचावून एकमेकांना गळा दाखवतात, आणि बऱ्याचदा एक जण मुकाट माघार घेतो. मारामारी क्वचितच होते. नामाक्वा अंजिराची झाडं खडक फोडून उगवलेली आहेत. त्यांची फळं पिकली की हेच सरडे त्या झाडाखाली गोळा होतात.

कुणी जाऊन आलं असेल तर लिहा. विशेषतः कॅरॅव्हॅन ओढत गेलेल्यांनी. आम्ही तंबूवाले आहोत.

भटक्या_खान्देशी

मोहोर, लेख आवडला, पण मी थोडा असहमत आहे. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो. घळ छान आहे, धबधब्याची मात्र एकच धार होती. त्यापेक्षा त्या रात्री खालागाडीत घालवल्या असत्या तर सिंह तरी दिसले असते. इतकं अंतर तुडवून जायचं तर पाणी असताना जावं असं माझं मत झालं.

मोहोर

@भटक्या_खान्देशी, पाण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. नदीला पाणी येतं ते लेसोथो आणि व्हाल खोऱ्यातल्या उन्हाळी पावसाचं (इकडे उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी), त्यामुळे साधारण जानेवारी ते एप्रिल जोर असतो. शिवाय वर गारीप आणि व्हॅन्डरक्लूफ ही मोठी धरणं आहेत. वीजनिर्मितीसाठी किंवा पूर आवरण्यासाठी तिथून पाणी सोडलं की ते इथे पोचायला कित्येक दिवस लागतात. मोठ्या पुरात मुख्य धारेच्या दोन्ही अंगांच्या कड्यांवरून नवे धबधबे सुटतात, सगळा काठच कोसळतोय असं वाटतं. १९८८ च्या पुरात सेकंदाला ७,८०० घनमीटर पाणी इथून गेल्याची नोंद आहे. पण असा पूर आला की काठावरचे फळ्यांचे मार्ग आणि सज्जे बंद करतात, काही वेळा पूर ते वाहूनही नेतो. म्हणजे पाणी भरपूर असतं आणि तुम्हाला लांबूनच बघावं लागतं.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत पारा चाळिशी ओलांडतो. तंबूत दुपार काढणं अशक्य. लहान मुलं असतील तर मी त्या महिन्यांत तंबूचा विचारही करणार नाही. माझ्या मते एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे सगळ्यात चांगला: पाणी बऱ्यापैकी, दिवस सुखाचे, रात्री गार. जून-जुलैत रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, पण आकाश असं की थंडी सोसावी.

सिंहांचं म्हणाल तर ते इथे नाहीतच, आणि त्याचाच फायदा आहे. खालागाडीत गाडीतून खाली उतरता येत नाही. इथे पायी हिंडता येतं. सतत गाडीत कोंडलेल्या मुलांना खडकावर मोकळं चालता येणं ही मोठी गोष्ट आहे. दोन्ही जोडून केलं तर सगळ्यात उत्तम. अपिंग्टनहून खालागाडीचं ट्वी रिव्हीरन फाटक साधारण २६० किमी.

जोडगाडी

कॅरॅव्हॅनवाल्यांना हाक मारलीत म्हणून लिहितो. आमच्याकडे जुनी दोन माणसांची स्प्राइट कॅरॅव्हॅन आहे. आम्ही दोघे निवृत्त, त्यामुळे वेळेची घाई नसते. प्रिटोरियाहून निघून पहिली रात्र कुरुमानला काढतो. जोहान्सबर्ग ते अपिंग्टन एन १४ महामार्गाने ८०० किमी आहे, आणि मागे कॅरॅव्हॅन असताना ते एका दिवसात रेटण्यात शहाणपण नाही. अंधार पडल्यावर तर नाहीच. कुडू (मोठी हरणं) आणि गुरं रस्त्यावर येतात आणि मागे टनभर वजन असताना गाडी जागच्या जागी थांबत नाही. कुरुमानला गावातच तो प्रसिद्ध झरा आहे, रोज सुमारे दोन कोटी लिटर पाणी जमिनीतून येतं. दुष्काळी मुलखात वाढलेल्या माणसाने तो बघावाच.

आधी गाडी चालवायच्या परवान्याचं सांगतो, कारण नव्याने आलेले लोक इथे अडकतात. ट्रेलरचं एकूण मान्य वजन ७५० किलोपेक्षा जास्त असेल तर साधा बी कोड चालत नाही, ईबी लागतो. बहुतेक कॅरॅव्हॅन ७५० च्या वरच असतात. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच तपासते.

वजनाची मांडणी. जड सामान आसाच्या बरोबर वर, कॅरॅव्हॅनच्या तळाशी ठेवायचं, मागच्या टोकाला कधीही नाही. मागे वजन झालं की टो-बारवरचा (गाडीमागच्या जोडदांड्यावरचा) भार हलका होतो आणि ट्रक बाजूने गेला की कॅरॅव्हॅन शेपटासारखी हलायला लागते. टो-बारवर किती भार चालेल हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. न्हाणीघरातला वजनकाटा आणि एक लाकडी ठोकळा घेऊन तो घरीच मोजता येतो. हलायला लागलीच तर ब्रेकवर जोरात पाय देऊ नका. स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा, ती आपोआप सावरते.

टायर. कॅरॅव्हॅन वर्षातले दहा महिने उभी असते, त्यामुळे टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. बाजूवर बनल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत कोरलेलं असतं, ते वाचा. कडेला बारीक भेगा दिसल्या की बदला. नॉर्दर्न केपच्या तापलेल्या डांबरावर असे टायर टिकत नाहीत.

फ्रिज. जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये गॅस, १२ व्होल्ट आणि २२० व्होल्ट असा तिन्हीवर चालणारा फ्रिज असतो. तो समपातळीत नसेल तर नीट गार करत नाही, आणि बाहेर चाळीस असेल तर समपातळीत असूनही हात टेकतो. उभं करताना फ्रिजची बाहेरची जाळी दुपारच्या उन्हाकडे येणार नाही असं बघा. मटण-मासे, दही अशा गोष्टींसाठी आम्ही गाडीत वेगळा काँप्रेसरवाला फ्रिज ठेवतो.

विजेसाठी निळा तीन-पिनी कॅरॅव्हॅन प्लग आणि लांब केबल लागते. केबलचं भेंडोळं पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलवर किटली आणि हीटर लावला की ती तापून वितळते. आमच्या शेजारच्या कॅरॅव्हॅनची अशी वितळलेली केबल मी डोळ्यांनी पाहिली आहे.

उद्यानाच्या फाटकापर्यंत डांबरी रस्ता आहे. फोर बाय फोरची गरज नाही.

शिधा

जोडगाडी काका, टायरचं कळलं, धन्यवाद! आमचा प्रश्न पोटाचा. आम्ही शाकाहारी, मुलं दोन. वाटेवरच्या काकामास गावात काय मिळतं? आणि माकडांचा त्रास खरंच आहे का?

जोडगाडी

माकडं आहेत. व्हरव्हेट जातीची, राखाडी अंग आणि काळं तोंड. ती टेहळणीला एकाला पाठवतात. तुम्ही न्हाणीघराकडे निघालात की दुसऱ्या मिनिटाला टेबलावर. तंबूची झिप त्यांना उघडता येते, म्हणून दोन झिपा एकत्र करून त्यांतून छोटी कडी अडकवा. खाण्याची प्रत्येक वस्तू गाडीत आणि काचा वर. ब्रेडची पिशवी तंबूत ठेवून फिरायला गेलात तर परत आल्यावर तंबू फाटलेला मिळेल. आणि त्यांना खायला कुणी घालू नये, हे अगदी कळकळीने सांगतो. माणसाच्या हातचं खायची सवय लागलेलं माकड पुढे अंगावर येतं आणि मग उद्यानाला त्याला मारावं लागतं.

खाण्याचं बायको सांगते: हिंग, पोहे, मेतकूट, भाजणी हे सगळं जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग किंवा प्रिटोरियाच्या लॉडियमहून आधीच भरून घ्या, अपिंग्टनच्या पुढे मिळणार नाही. कांदे-बटाटे, टोमॅटो, दूध, फळं काकामासला मिळतात. स्कॉटल म्हणजे गॅसच्या नळकांड्यावर बसणारी पसरट खोलगट लोखंडी तवई. तिच्यावर थालीपीठ इतकं खरपूस होतं की आता घरीही आम्ही त्यावरच लावतो.

शिधा

वा! मग लाकडाचं काय? तिथे गोळा करता येतं?

मोहोर

नाही, उद्यानात काटकीही उचलायची नाही. पिशवीतलं लाकूड विकत मिळतं. त्यात एक निवड करता येते. कॅमलथॉर्नचं लाकूड (आफ्रिकान्समध्ये कामीलडोरिंग) उत्तम जळतं, निखारे तासन्‌तास राहतात. पण ते या देशातलं संरक्षित झाड आहे, वाढायला फार वर्षं घेतं, आणि वाळवंटातले पक्षी-प्राणी त्याच्यावर जगतात. आपल्या बाभळीचंच भावंड आहे ते. त्याऐवजी प्रोसोपिसचं लाकूड मागा. प्रोसोपिस म्हणजे आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात माळरानं गिळणारी वेडी बाभूळ. तिने नॉर्दर्न केपमध्येही तेच केलंय, भूजल शोषून घेते आणि देशी झाडांना जागा ठेवत नाही. ती जेवढी जाळली जाईल तेवढं बरं.

तासगावचा_बागायतदार

मी आफ्रिकेत कधी आलेलो नाही, पण काकामास हे नाव वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आमच्या व्यापारात ऑरेंज नदीच्या बेदाण्याचं नाव ऐकू येतं. तिकडे बेदाणा कसा करतात ते कुणी पाहिलंय का? आमच्याकडे द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळीच्या रॅकवर सावलीत वाळवतात. पंधरा दिवसांत हिरवट-पिवळा माल तयार. तिकडे पाऊस नाही म्हटल्यावर त्यांची चंगळच असणार.

मोहोर

@तासगावचा_बागायतदार, अगदी बरोबर माणसाने प्रश्न विचारला! दक्षिण आफ्रिकेचा बहुतेक बेदाणा याच पट्ट्यातून येतो: अपिंग्टन, कायमूस, काकामास. जात थॉमसन सीडलेसच, इथे तिला सुलताना म्हणतात. तोडणी जानेवारी ते मार्च. साधा माल बुडवल्याशिवायच सिमेंटच्या मोठ्या ओट्यांवर थेट उन्हात वाळतो, त्याचा रंग तपकिरी-काळसर होतो. हलक्या रंगाच्या मालासाठी बुडवून किंवा गंधकाची धुरी देऊन करतात. चवीला उन्हातला जास्त गोड आणि किंचित जळक्या साखरेसारखा लागतो. रस्त्याकडेच्या दुकानांत (इकडे त्यांना पाडस्टाल म्हणतात) सुटा मिळतो.

आणि तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट: काकामासच्या कालव्यांवर अजून मोठे रहाट फिरतात. १८९८ मध्ये दुष्काळाने नागवलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांसाठी इथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने वसाहत वसवली, तेव्हा कालवे खणले गेले, काही ठिकाणी खडक फोडून बोगदे काढले. कालव्याच्या प्रवाहानेच चाक फिरतं, कडेचे डबे भरून वर जातात आणि उंचावरच्या पाटात रिते होतात. वीज नाही, बैल नाही. पाच मिनिटं थांबून डबा भरताना आणि ओतताना बघा. कालव्याच्या अलीकडे हिरवीगार बाग, पलीकडे एका पावलावर कोरडा दगड.

तासगावचा_बागायतदार

बैलांवाचून चालणारा रहाट! आजोबा मोटेच्या गोष्टी सांगायचे. उन्हात वाळवलेला माल आमच्याकडे करायचा म्हटला तर अवकाळी पाऊस एका रात्रीत मातेरं करतो. फोटो असतील तर नक्की टाका. कालव्याचं पाणी नदीतून किती उचलायचं हे कोण ठरवतं, तेही कळलं तर बरं.

केपची_सून

माझे सासू-सासरे साताऱ्याहून मे महिन्यात येत आहेत. दोघेही सत्तरीच्या पुढचे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. तंबू त्यांना जमणार नाही. तरी न्यावं का?

मोहोर

नक्की न्या. कॅम्पमध्येच स्वयंपाकघर आणि एअर कंडिशनर असलेली छोटी घरं आहेत. त्यांना तिथे ठेवा, तुम्ही तंबूत राहा, जेवण एकत्र करा. आमच्या आई-बाबांच्या वेळी आम्ही असंच केलं होतं. रिसेप्शनपासून धबधब्याच्या कठड्यापर्यंतचं चालणं थोडं आहे आणि फळ्यांचा मार्ग सपाट आहे. बाकीची ठिकाणं गाडीने जवळपर्यंत जाऊन बघता येतात: अरारात, ओरांयेकॉम, एको कॉर्नर. अरारातहून घळ सगळ्यात चांगली दिसते, संध्याकाळी चारनंतर जा. ओरांयेकॉमला सावलीचा निवारा आहे, सासूबाईंना बसायला बरं पडेल. मून रॉक नावाचा खडकाचा मोठा घुमट आहे, त्याचे पापुद्रे सुटून आलेत. त्यावर चढ सोपा वाटतो, पण दुखऱ्या गुडघ्यांनी उतरताना त्रास होतो, त्यांना खालीच थांबू द्या.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. कठडा ओलांडून कुणी पुढे जाऊ नये. काठावरचा खडक पाण्याने घासून काचेसारखा गुळगुळीत झालाय, कोरडा असला तरी पाय सरकतो, आणि खाली धरायला काही नाही. इथे माणसं पडून गेलेली आहेत. मुलांचा हात सोडू नका, आणि फोटोसाठी पलीकडे उतरणाऱ्या मोठ्या माणसालाही हाक मारून मागे बोलवा. वाईटपणा आला तर येऊ दे.

नभांगण

कुणीच आकाशाबद्दल नीट लिहिलं नाही म्हणून माझी भर. जून-जुलैत जा आणि अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडा. महाराष्ट्रातून वृश्चिक रास दक्षिणेकडे कललेली दिसते. इथे साडेअठ्ठावीस अंश दक्षिण अक्षांशावर ज्येष्ठा तारा जवळजवळ डोक्यावरून जातो. आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग त्याच्याच शेजारी, म्हणजे तोही माथ्यावर. आडवं पडून बघायचं. पहाटे उठलात तर दक्षिणेला मॅगेलनचे दोन्ही मेघ दिसतात. पुण्या-मुंबईहून मोठा मेघ क्षितिजाच्या धुळीतच राहतो आणि छोटा जवळजवळ उगवतच नाही. दुर्बीण असेल तर मोठ्या मेघातला टॅरँट्युला तेजोमेघ शोधा. ब्रायजवळचे दिवे विझवा आणि डोळ्यांना वीस मिनिटं द्या. थंडीसाठी टोपी आणि जाड मोजे हवेतच, झोपायची पिशवी शून्य अंशाला चालणारी घ्या.

भटक्या_खान्देशी

मोहोर, तुम्ही पायी हिंडण्याबद्दल लिहिलंत. आम्ही फक्त कठड्यापर्यंत गेलो होतो. चालायच्या वाटा कुठल्या?

मोहोर

मुलांसह डॅसी ट्रेल. साधारण पाच-सहा किमीची फेरी. वाटेत नदीच्या फाट्यालगतचे रांजणखळगे लागतात. निघोजचे ज्यांनी पाहिलेत त्यांना लगेच ओळखू येतील: भोवऱ्यात गोटे फिरून खडकात पडलेल्या गोल विहिरी. पुढे मून रॉक. डॅसी म्हणजे सशाएवढा, बिनशेपटीचा, खडकांत राहणारा प्राणी. सकाळी ऊन खात कळपाने बसलेले असतात. क्लिपस्प्रिंगर ही खुरांच्या टोकांवर उभी असल्यासारखी छोटी हरणंही याच वाटेवर दिसतात. कोकरबूमची झाडं जागोजागी आहेत. त्यांच्या फांद्या पोखरून सान लोक बाणांचे भाते करत. सूर्योदयाला निघा, माणशी दोन लिटर पाणी, दहाच्या आत परत.

क्लिपस्प्रिंगर ट्रेल तीन दिवसांची, ४० किमीच्या आसपास. ती उन्हाळ्याच्या महिन्यांत उष्णतेमुळे बंदच असते, आणि पुरानंतर तिची स्थिती बदलते, म्हणून आधी चौकशी करून मगच बेत ठरवा. गाडीने उद्यानाच्या आतल्या भागात फिरलात तर जिराफ, जेम्सबॉक आणि स्प्रिंगबॉक ही हरणं आणि नशीब असेल तर हार्टमनचा डोंगरी झेब्रा दिसतो.

कोयनाकाठ

इतकं सगळं वाचून एक जोड द्यावीशी वाटते. नदीच्या उत्तरेला रीमफास्माक नावाचा मुलूख आहे. १९७३-७४ मध्ये वर्णभेदी सरकारने तिथल्या लोकांना जबरदस्तीने उठवलं. काहींना आजच्या नामिबियात, काहींना ईस्टर्न केपमध्ये नेऊन टाकलं, एकत्र नांदणारी वस्ती वंशाच्या हिशेबाने तोडली. जमीन लष्कराच्या सरावासाठी गेली आणि एक भाग या उद्यानाला जोडला गेला. १९९४ नंतर देशात जमिनी परत करण्याची जी सुरुवात झाली, त्यातली ही अगदी पहिल्यांपैकी. १९९५ पासून लोक परत येऊ लागले.

माझ्या आईचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. त्यामुळे तिथे गेल्यावर मी म्हाताऱ्या माणसांशी बोलत बसलो. नुसतं सुंदर निसर्ग म्हणून त्या काठाकडे बघता येत नाही. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, मुक्कामाची साधी सोय आहे आणि पैसे थेट गावाला मिळतात. काकामासहून नदी ओलांडून रस्ता जातो, पुढे कच्चा आणि खडबडीत आहे. कॅरॅव्हॅन ऑग्रबीजच्या कॅम्पवर ठेवून फक्त गाडी घेऊन जा, आणि गाडी उंच असलेली बरी.

जोडगाडी

@कोयनाकाठ, आम्ही इतक्या वेळा जाऊन नदीच्या त्या बाजूला कधी गेलो नव्हतो. या मे महिन्यात जातो. झऱ्यांवर रात्री राहता येतं का, की दिवसाच परतावं?

कोयनाकाठ

राहता येतं. घरं साधी आहेत, अंथरूण-पांघरूण आणि पाणी आपलं न्या. उन्हाळ्यात मात्र नको. खडकांची ती खोलगट जागा भट्टीसारखी तापते. निघण्यापूर्वी काकामासला टाकी भरा, पलीकडे पेट्रोलवर भिस्त ठेवू नका. आणि तिथे राहायचं असेल तर पोचायच्या आदल्या दिवशी फोन करून कळवा, म्हणजे चावीवाला माणूस गावातून खाली येऊन थांबतो.

केपची_सून

आमचं मेचं ठरलं. दोन रात्री छोटं घर, शेजारी आमचा तंबू. एक शेवटचं: प्रवेशाचे पैसे रोज वेगळे भरायचे का?

मोहोर

हो, मुक्कामाचं भाडं वेगळं आणि रोजचं संवर्धन शुल्क वेगळं. परदेशी पाहुण्यांना ते बरंच जास्त पडतं, त्यामुळे सासू-सासऱ्यांचा हिशेब आधी करून ठेवा. खालागाडी किंवा आणखी एखादं राष्ट्रीय उद्यान त्याच वर्षात करणार असाल तर वाइल्ड कार्ड काढा. ते वर्षभर चालतं आणि मग रोजचं शुल्क भरावं लागत नाही. सगळ्यांचे पासपोर्ट आणि ओळखपत्रं हाताशी ठेवा, फाटकावर मागतात. शाळेच्या सुट्ट्यांत जाणार असाल तर बुकिंग बऱ्याच आधी करा. आणि तंबूसाठी नेहमीच्या बारीक खुंट्या नेऊ नका, जमीन कडक आहे. जाड लोखंडी खुंट्या आणि हातोडा घ्या. संध्याकाळी वारा सुटतो तेव्हा सैल तंबू सगळ्यात आधी उडतो.